नावपूर्तीचं प्रकरण

३ फेब्रुवारी. सकाळी, देवापुढे दिवा लावून झाल्यावर.

ही गेल्या वर्षीची डायरी. अर्धी कोरी होती, टाकवेना. वार चुकीचे छापलेले आहेत, तिकडे बघायचं नाही.

आजपासून मी कामाला लागले असं लिहायला हरकत नाही. भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, काल येऊन बोलून गेले. त्यांच्या ऑफिसात मराठीतून लिहायचा एडिटर तयार केलाय. एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवरची कोरी वही. ग्रंथालयाच्या बाई तो त्यांच्या तीस मशीनवर घ्यायला तयार आहेत, पण कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसालाही तो वापरता आला पाहिजे ही त्यांची अट. म्हणून पुस्तिका. बारा प्रकरणं. भाऊजी म्हणाले की वहिनी, आमच्या माणसांनी लिहिलेलं आमच्याच माणसांना कळतं, तुम्ही पाणीखात्याला धाडलेली पत्रं मात्र शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळली होती.

आधी नमुना म्हणून एकच प्रकरण: नावपूर्ती. फाइलच्या किंवा कमांडच्या नावाची पहिली एक-दोन अक्षरं लिहायची, टॅब नावाचं बटण दाबायचं, की पुढचं नाव एडिटर स्वतः पुरं करतो. एवढंच समजावून सांगायचं, दोन पानांत. २८ तारखेला बाई ऑफिसात येणार आणि माझं प्रकरण हातात धरून करून बघणार. त्यांना जमलं तर सगळी पुस्तिका माझी, आणि ऑफिसातलं खिडकीजवळचं टेबलही माझं.

बावन्न वर्षांत माझ्या एकटीचं असं टेबल झालेलं नाही. ओटा आहे. पण ओट्यावर कोणीही काहीही आणून ठेवतं.

संकल्प: दोन पानं म्हणजे दोन दिवस. ५ तारखेला प्रकरण द्यायचं. उरलेले तेवीस दिवस आराम न करता पुढची अकरा प्रकरणं.

४ फेब्रुवारी. दुपारी.

आज लिहिलं नाही, पण अनुभव आला.

हा एडिटर माझ्याकडे वर्षभर आहे. भाऊजींनी दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी सगळं त्यात लिहिते. एका गोष्टीला एक फाइल, आणि प्रत्येक फाइलच्या नावाच्या आधी देवकृपेने. देवकृपेने-वाणसामान. देवकृपेने-नळाची-तक्रार. देवकृपेने-यांचं-ब्लडप्रेशर. आमच्या आईने माथ्यावर देवाचं नाव घातल्याशिवाय धोब्याची यादीसुद्धा केली नाही. आता कागद गेला म्हणून रीत सोडायची का?

तर आज पहिल्यांदाच टॅब वापरला. उघडा अशी कमांड दिली, दे एवढंच अक्षर लिहिलं आणि टॅब दाबला. एडिटरने स्वतःहून लिहिलं: देवकृपेने.

मी हात मागे घेतला. त्याला कोणी शिकवलं? ऑफिसातले लोक तर तसे दिसत नाहीत. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा देवकृपेने. त्यापुढे एक आडवी रेघ, आणि कर्सर शांत उभा. आणखी एकदा टॅब दाबल्यावर खाली सगळ्या फायलींची यादी आली. एकशे त्रेसष्ट. म्हणजे देवाचं नाव तो घेणार, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. किती बरोबर आहे!

सुनेला सांगितलं. ती कामावर निघाली होती, बुटाची लेस बांधता बांधता म्हणाली की आई, तुमच्या सगळ्याच फायली देवकृपेनेने सुरू होतात, मग त्या बिचाऱ्याला पुढे कोणती हवीय ते कळणार कसं? मुलगी हुशार आहे, पण सदा घाईत. घाईत असलेल्या माणसाला यातलं मर्म दिसायचं नाही. जाऊ दे.

उद्या दोन्ही पानं संपवायची.

६ फेब्रुवारी.

काल नळवाला आला होता. तो असेपर्यंत घरात दुसरं काही करता येत नाही, त्याच्याकडे बघत राहावं लागतं, नाहीतर जुना वायसर परत बसवतो. गेला तेव्हा माझी पाठ धरली होती.

तरी तीन पानं झाली. ‘पूर्ती म्हणजे काय’ एवढाच भाग झालाय. टॅबपर्यंत अजून पोचले नाही, पण पाया पक्का पाहिजे. माणसाने आरंभ करावा, पूर्ती देवाच्या हाती, असा सूर ठेवलाय. एडिटर एका अक्षरावर देवाचं नाव घेतो हे वाक्य जाड ठशात.

यांना वाचून दाखवलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले की छान आहे, यात कॉम्प्युटर कुठे येतो? मी म्हटलं, येईल. म्हणाले, मग आला की उठव.

टिपणांच्या वेगळ्या फायली केल्या. यादी आता एकशे एकाहत्तर.

९ फेब्रुवारी. सकाळी दहा.

आज कमांडचा भाग. कमांड म्हणजे एडिटरला सांगायचं काम: उघडा, छापा, शोधा, पुसा. या मी नेहमी पूर्ण लिहिते. काम करणाऱ्याला अर्ध्या शब्दात हुकूम सोडणं मला आवडत नाही, मग तो माणूस असो की मशीन. भांडीवालीलासुद्धा मी कधी नुसतं ‘ए, ते’ असं म्हटलेलं नाही.

पण प्रकरणासाठी करून बघणं भाग होतं. पु लिहिलं, टॅब. तीन नावं आली: पुढे, पुन्हा, पुसा. म्हणजे इथेही यादीच. ठरलं तर मग. नियम लिहून टाकला: टॅब दाबल्यावर यादी येते, त्यातून आपण आपलं नाव शोधायचं आणि पूर्ण टाइप करायचं. बाकीच्या कमांड करून बघितल्या नाहीत. सगळीकडे तेच होणार, उगाच वीज जाळायची कशाला.

एक शंका लिहून ठेवते. शेवटी आपणच सगळं टाइप करायचं, तर नावपूर्ती ही सोय कशी? पण सोय आहे की नाही हे ठरवणारी मी कोण? मला फक्त ती समजावून सांगायची आहे.

१२ फेब्रुवारी.

थकले. पाच तारखेचं नियोजन चुकीचं नव्हतं, यादीमुळे वेळ जातो. एक फाइल शोधायची तर एकशे अठ्ठ्याऐंशी नावांवरून डोळा फिरवायचा, आणि सगळी तोंडावळ्याने सारखी. स्क्रीनवर आडवी पट्टी धरून एकेक ओळ खाली यावं लागतं. आज ‘देवकृपेने-नावपूर्ती-तिसरा-खर्डा’ सापडायला अकरा मिनिटं लागली. हे मागून जाता जाता म्हणाले की काय गं, मॅट्रिकचा निकाल बघतेयस? पास झालीस तू, मी बघितलं होतं.

पट्टीने स्क्रीनवर चरे पडलेत. चरे फडक्याने जात नाहीत, हेही पुसून पाहिल्यावर कळलं.

ऑफिसात फोन केला. ज्याने हा एडिटर लिहिला तो माणूस असेल पंचेचाळीसचा, पण तोंडातून शब्द काढत नाही. मी त्याला मौनी म्हणते. त्याला शांतपणे सांगितलं की तुमच्या यादीत काहीतरी दोष आहे, ती लहान होत नाही, उलट रोज वाढते. पाच मिनिटं बोलले. शेवटी म्हणाला की काकू, येऊन बघतो.

संकल्प: तो येईपर्यंत चिडायचं नाही. दोनदा जप.

१५ फेब्रुवारी. चहाची भांडी विसळल्यावर.

मौनी येऊन गेला. बूट दाराबाहेर काढले, एवढं वळण आहे. खुर्चीत बसला, दे लिहून टॅब दाबला, यादी पाहिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला वाटलं दोष सापडला.

मग म्हणाला की काकू, नावं बदला. मी विचारलं, कोणाची? म्हणाला, फायलींची. पुढचं देवकृपेने काढा. मी म्हटलं, ते कसं काढणार? त्याने विचार केला. म्हणाला, मग मागे घाला. वाणसामान-देवकृपेने. मी त्याला विचारलं की तुमच्या घरी पाहुणे आले की यजमान मागच्या दाराशी उभा राहतो का? त्यावर तो म्हणाला की देवाला चालेल.

देवाला काय चालेल हे हा ठरवणार! एडिटरमध्ये दोष का राहिला ते मला तेव्हाच कळलं.

जाताना चपलांच्या कपाटापाशी थांबून म्हणाला की बरं, निदान असं करा, यादी आली की पुढचं आणखी एक अक्षर लिहायचं आणि परत टॅब. एवढं प्रकरणात लिहा म्हणजे झालं. माणूस इतक्या लांब आला होता, म्हणून त्याचं मन राखायला एक वाक्य घातलं. करून बघायला आज वेळ नव्हता.

१८ फेब्रुवारी.

सतरा पानं. भाऊजींचा फोन. म्हणाले की वहिनी, दोन पानं म्हटलं होतं ना? मी म्हटलं, भाऊजी, विषय खोल निघाला. ते म्हणाले की वहिनी, ते एक बटण आहे. त्यांच्यासमोर ग्राहक बसले असतील, म्हणून तसं तुटक बोलले.

उजवं मनगट दुखतं. सगळी नावं पूर्ण टाइप करून करून. तेल चोळलं.

एक मान्य केलं पाहिजे, टेबलाचा विचार हल्ली कामात आडवा येतो. तिथे डावीकडे काय ठेवायचं, पाण्याचं तांब्याभांडं शोभेल का. अशा विचारांनी अर्धा तास जातो. उद्यापासून टेबलाचा विचार फक्त चहाच्या वेळी.

२१ फेब्रुवारी. सर्दी.

अंथरुणातून लिहिते. सुनेने सुट्टी काढून स्वयंपाक केला, खोटं कशाला बोलू, चांगला केला. मग पायथ्याशी येऊन बसली आणि म्हणाली की आई, मी एका कमांडमध्ये सगळ्या फायलींची नावं बदलून देते, दोन मिनिटांचं काम, तुम्ही हवं तर डोळे मिटून घ्या. मी म्हटलं, दोनशे चार ठिकाणचं देवाचं नाव दोन मिनिटांत पुसणारी तू पहिलीच. ती हसली. म्हणाली की बरं नका बदलू, पण ऑफिसच्या मशीनवर जाऊन एकदा करून तरी बघा ना. तिथे तुमच्या फायली नाहीत. तुम्हाला ते टेबल मिळायला हवंय मला, म्हणून सांगते.

मी म्हटलं, सूर्य काय त्यांच्या ऑफिसात पश्चिमेला उगवतो? इथे देवकृपेने म्हणतो तो एडिटर तिथेही म्हणणार.

तिने माझ्या छातीला बाम लावला आणि विषय सोडला. तिची समजूत पटली असावी.

२५ फेब्रुवारी.

एकतीस पानं. ही फारच झाली असं माझं मलाच वाटलं, भाऊजींचा आज फोन आला त्यामुळे नव्हे. कापायला बसले. स्वतःचं लिहिलेलं कापणं म्हणजे काय असतं ते आज कळलं. प्रत्येक वाक्यापाशी वाटे, हे गेलं तर वाचणाऱ्याचं कसं होईल?

सकाळभर बसून एकच वाक्य कापण्यासारखं सापडलं: मौनीने घालायला सांगितलेलं, आणखी एक अक्षर लिहा ते. बाकीच्या मजकुराशी त्याचा सूर जुळत नव्हता. त्याऐवजी आरंभी छोटी प्रार्थना बसली.

आता साडेएकतीस पानं आहेत. पण आटोपशीर वाटतात.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी.

झालं. सुनेने तिच्या ऑफिसातून छापून आणलं, पाठकोऱ्या कागदांवर, माझ्या सांगण्यावरून. वजनदार दिसतं. हे हातात तोलून म्हणाले की बाईंना उचलायला कोणी देणार ना बरोबर?

उद्याचं पातळ इस्त्री करून ठेवलं. मन शांत आहे. इस्त्री बंद केली की नाही ते तीनदा बघून आले, एवढंच.

२८ फेब्रुवारी. घरी आल्यावर.

जसं झालं तसं लिहिते.

ग्रंथालयाच्या बाई वेळेवर आल्या. साध्या, खांद्याला कापडी पिशवी, माझ्याच वयाच्या. मी वाचक म्हणून जशी बाई डोळ्यांपुढे ठेवली होती हुबेहूब तशा. त्या मशीनपुढे बसल्या, शेजारी मी, मागे भाऊजी, भिंतीला टेकून मौनी. प्रार्थना त्यांनी मनात वाचली आणि हातही जोडले. ‘पूर्ती म्हणजे काय’ वाचताना दोनदा घड्याळ बघितलं, पण हूं हूं करत होत्या. नवव्या पानावर पहिली कृती आली. माझं बोट त्या ओळीवर होतं: उघडा ही कमांड द्या, दे लिहा, टॅब दाबा, एडिटर स्वतःहून देवकृपेने असं लिहील.

बाईंनी दे लिहिलं. टॅब दाबला.

एडिटरने लिहिलं: देखभाल-छपाईयंत्र.

पूर्ण नाव. एका दमात. यादी नाही, काही नाही.

बाई पानाकडे बघतात, स्क्रीनकडे बघतात. म्हणाल्या की ताई, हे काही देवकृपेने म्हणत नाहीये हो. मी म्हटलं, पुन्हा दाबा, कधी कधी उशिरा म्हणतो. त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्यासाठी पाच-सहा वेळा दाबलं. देखभाल-छपाईयंत्र. मी मौनीकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता.

मग बाईंनी माझी पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली आणि आपल्याच मनाने वा लिहून टॅब दाबला. वाचक-यादी. त्या खुदकन हसल्या. छा लिहिलं, टॅब, छापा. उ लिहिलं, उघडा. न लिहिलं तेव्हा तीन नावं आली, तर कोणी न सांगता त्यांनी पुढचं एक अक्षर लिहिलं आणि हवं ते नाव पुरं झालं. म्हणाल्या की अगं बाई, हे तर आपलं आपणच होतंय! बोलता बोलता मला अगं म्हणाल्या, इतक्या रमल्या होत्या.

मग खुर्ची फिरवून भाऊजींना म्हणाल्या की घेतलं, तीसच्या तीस. आणि पुस्तिका नको. याला पुस्तिका कशाला? माझे सत्तरीचे वाचकसुद्धा पाच मिनिटांत शिकतील. भिंतीवर एक कागद लावा म्हणजे झालं. मौनीने तिथल्या तिथे कागद लिहिला: एक-दोन अक्षरं लिहा, टॅब दाबा. यादी आली तर आणखी एक अक्षर लिहा. एवढंच. अक्षर चांगलं आहे त्याचं.

बाई गेल्यावर भाऊजींनी स्वतः माझ्यासाठी चहा आणला. म्हणाले की वहिनी, तुमच्यामुळेच जमलं बघा, तुमचं वाचायचं राहिलं म्हणून त्यांनी हाताने करून बघितलं. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. मग माझी पानं स्वतः पिशवीत भरून दिली.

निघण्याआधी पिशवी नीट करायला म्हणून मी खिडकीजवळच्या त्या टेबलाशी बसले. बरोबर डोळ्यांवर ऊन येतं तिथे. माझ्या डोळ्यांना ते मानवलंच नसतं.

२ मार्च. दुपारी, घरात कोणी नसताना.

काल काही लिहिलं नाही.

आज कॉम्प्युटर लावला. देवापुढे जाऊन आले आणि एकाच फाइलचं नाव बदललं. त्या प्रकरणाच्या. देवकृपेने काढलं, नुसतं नावपूर्ती ठेवलं. फाइल सापडायला चौदा मिनिटं लागली.

मग ना लिहून टॅब दाबला. नावपूर्ती.

पुसलं. परत ना, टॅब. नावपूर्ती. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. मशीन दरवेळी न कंटाळता पुरं करतं, एवढं मात्र खरं.

महिनाभर मी धरून चालले होते की ते आपणहून देवाचं नाव घेतं. त्याला देव ठाऊक नाही. दोनशे नऊ वेळा मीच लिहून ठेवलेलं ते मला वाचून दाखवत होतं.

मधेच सून आली. आज लवकर सुटली म्हणे. स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्यासाठीही चहा टाकला. मग ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली आणि विचारलं की आई, कळलं का मग कसं करायचं ते?

म्हटलं, कळलं. एक-दोन अक्षरं आणि एक बटण. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतंच.